कुलूपनगरची म्हातारी

मटिल्डाबाय सिनेमात आहे, हे ज्याला माहीत नाही तो माणूस आपल्या उमेळे गावचा नाही, असं खुशाल समजावं. अहो, नव्या इमारतींमध्ये परवा परवा राहायला आलेली माणसंसुद्धा तिला रस्त्यात थांबवून विचारतात, "आजी, तुम्हीच ना त्या?" आणि मटिल्डाबाय डोक्यावरचा केळीच्या पानांचा भारा सावरत म्हणते, "हो बाबा, मीच ती. फोटो नंतर काढ, आधी वाट सोड."

सिनेमाचं नाव 'कुलूपनगर'. त्याच नावाच्या किशोर कादंबरीवरून काढलेला. पुढच्या कुठल्यातरी काळातलं एक शहर, तिथे घरांची दारं सरकारच्या मालकीची. भोंगा वाजला की दार लावून घ्यायचं आणि पुन्हा भोंगा होईपर्यंत कुणासाठी म्हणून उघडायचं नाही. धान्य माणशी मोजून मिळणार. पोरं सोळा वर्षांची झाली की सरकार घेऊन जाणार, कुठे ते विचारायचं नाही. तिथून जुई नावाची एक मुलगी पळते, तिची ही गोष्ट. वसईतल्या कॉलेजच्या पोरांनी ते पुस्तक एकमेकांकडून मागून मागून पार चिंध्या करून टाकलं होतं. मग त्यावर सिनेमा निघाला, आणि सिनेमावाल्यांना ओसाड शहर दाखवायला मिठागरं आणि जुनी कौलारू घरं जवळजवळ हवी होती. ती त्यांना आपल्याकडे सापडली. आपलं गाव बघून या लोकांना जगाचा शेवट आठवला, याचा राग यायचा सोडून सगळं उमेळं नटूनथटून शूटिंगला लोटलं!

मटिल्डाबायचा नवरा बेसिल शेवटच्या बंडात मशाल घेऊन धावला. पडद्यावर तो इतकाच वेळ दिसतो की पापणी लवली तर गेला. पण घरात कुणी सिनेमा लावला की हा माणूस तिथे येऊन हजर, आणि "आता बघा, आता बघा, तो मी!" म्हणून ओरडून पुढच्या दहा माणसांचं काम बुडवणार.

मटिल्डाबायचं काम मात्र खरोखरचं होतं. भुकेनं कासावीस झालेली जुई एका दारावर थाप मारते. बाहेर भोंगा कोकलतोय. म्हातारी दार उघडते, पोरीकडे बघते आणि तिच्या हातात भाकरी ठेवते. झालं. तेवढ्यावर थिएटरात बायका पदर डोळ्यांना लावायच्या. 'मूळ कादंबरीला दिग्दर्शकाने दिलेला मानवी स्पर्श' असं पेपरात छापून आलं. बेसिलनं ते कात्रण देव्हाऱ्याच्या शेजारी चिकटवलं.

सगळं गाव रडत असताना एकच जीव दातओठ खात होता. पॉलिन. मटिल्डाबायची नात, अकरावीतली, हुशार आणि त्याहून हट्टी.

"मानवी स्पर्श म्हणे!" ती जेवताना ताटावर बोटं आपटत म्हणायची. "आजोबा, पुस्तकात ती म्हातारी दार लावून घेते. भाकरी देत नाही. जुईच्या तोंडावर दार लावते. अख्ख्या पुस्तकाचा कणा आहे तो, कणा! आणि यांनी तिथे भाकरी दिली."

"मग दिली तर दिली," बेसिल म्हणायचा. "तुझ्या काय ताटातली दिली? लोकांना बरं वाटलं ना?"

"बरं वाटायलाच नको होतं! आणि जुई पुस्तकात तेरा वर्षांची आहे, डोक्यात उवा झालेली. सिनेमातली पंचविशीची, केसाची बट जागची हलत नाही. त्या पहारेकऱ्याच्या मुलाशी गाणं कुठून आलं? आणि शेवटी ते बंड! पुस्तकात कुणीच येत नाही हो तिच्या मदतीला."

"बंड छानच आहे," बेसिल घाईनं म्हणायचा. "बंडाला नावं ठेवू नकोस."

मग पॉलिनचा आवाज एकदम मऊ व्हायचा. "आजी, तुला नाही हं म्हणत मी. तुझं काम छानच झालंय. तू बिचारी काय करणार, त्या दिग्दर्शकानं सांगितलं तसं केलंस. घात केला तो त्यानं."

इथे मटिल्डाबायला ताटावर बसवायचं नाही. ती उठून उगाच पाण्याचा तांब्या आणायला जायची. कारण खरी गोष्ट काय होती, ती घरात कुणालाच ठाऊक नव्हती.

दिग्दर्शक बिचारा त्या प्रसंगापुरता तरी पुस्तकाबरहुकूम चालला होता हो! त्यानं मटिल्डाबायला स्वच्छ सांगितलं होतं, "आजी, मुलगी भाकरी मागेल. तुम्ही तिच्याकडे बघायचं आणि दार लावून घ्यायचं. बस एवढंच." मटिल्डाबायनं मान डोलावली होती. पण वेळ होती ऐन दुपारची, जेवणाची. ती नटी, कसल्याशा पथ्यानं काडी झालेली, गालांना राख फासून उंबऱ्यात उभी. म्हणाली, "आजी, थोडी भाकरी असेल तर..." आणि मटिल्डाबायचा हात आपोआप मागच्या ताटलीकडे गेला. "कट!" दिग्दर्शक ओरडला. पुन्हा केलं. पुन्हा हात गेला. तिसऱ्या खेपेला तर तिनं भाकरीवर सुक्या बोंबलाची चटणीपण ठेवली, जी कुणी मागितलीही नव्हती. शूटिंगची माणसं हसून हसून बेजार; गावातल्या कुणाला त्या दिवशी आत सोडलंच नव्हतं. दिग्दर्शकानं आधी समजावलं, मग हात जोडले, मग स्वतः दार लावून दाखवलं. उन्हं कलायला लागली तरी म्हातारीच्या हातून ते दार काही लागेना. शेवटी तो खुर्चीत मटकन बसला आणि म्हणाला, "राहू दे. देऊ दे तिला. ही बाई ऐकणार नाही."

मटिल्डाबायनं घरी येऊन सांगितलं, "त्यांनी ऐन वेळी बदललं." एवढंच. त्यात खोटं असं काही नव्हतं. पण नात रोज ताटावर बसून त्या दिग्दर्शकाचा उद्धार करायला लागली, तेव्हा ते एवढंसं वाक्य मटिल्डाबायला जड व्हायला लागलं.

त्यात चर्चच्या वाचनकट्ट्यानं एक टूम काढली. रविवारी दुपारी, सकाळच्या मिस्साप्रार्थनेनंतरचं जेवण झालं की, चर्चमागच्या हॉलमध्ये कार्यक्रम: 'पुस्तक थोर की पडदा?' विषय अर्थातच 'कुलूपनगर'. पुस्तकाच्या बाजूनं पॉलिन आणि तिची गोखिवऱ्याची मैत्रीण ज्ञानदा. सिनेमाच्या बाजूनं चंदनसारचा आयुष, तोंडाळ पण डोक्याचा चांगला. आणि पाहुण्या म्हणून साक्षात लेखिका, अश्लेषा चुरी. त्या येणार हे कळल्यावर पॉलिननं घरात अशी उडी मारली की बेसिलच्या हातचा चहा सांडला.

"आजी, मी भाषण करणारच नाही," ती म्हणाली. "मी तो प्रसंग करून दाखवणार. पुस्तकात आहे तसा. त्यांच्या समोर. सिनेमानं त्यांच्या म्हातारीचं जे केलं ते एकदा तरी कुणीतरी नीट करून दाखवायला नको? जुई होईल ज्ञानदा. आणि म्हातारी तू."

"मी?"

"मग कोण? लोकांनी तुला दार उघडताना पाहिलंय. आता तुलाच लावताना बघतील. बघ, कसा काटा येईल अंगावर!"

मटिल्डाबायच्या तोंडचं पाणी पळालं. पण पॉलिनचे डोळे असे चमकत होते की तिला नाही म्हणवेना. दार लावायचं तर आहे, ती मनाशी म्हणाली. रोज लावते की मी कोंबड्यांच्या खुराड्याचं.

तालीम घरच्या ओट्यावर ठरली. ज्ञानदा कॉलेजातून थेट आली, दप्तर फेकून दारात उभी राहिली आणि चेहरा पाडून म्हणाली, "आजी, थोडी भाकरी असेल तर..."

पोरगी मुळातच किडकिडीत. त्यात सकाळपासून कॉलेजात. मटिल्डाबायनं दाराला हात घातला, आणि दुसऱ्या हातानं फळीवरची सुकेळ्यांची पुडी उचलून तिच्या हातात दिली. राजेळी केळ्यांची, घरची, मऊसूत वाळवलेली. ज्ञानदानं आभार मानून एक तोंडात टाकलंसुद्धा.

"आजी!" पॉलिन किंचाळली.

"चुकून झालं ग. पुन्हा."

पुन्हा केलं. हात पुन्हा गेला. पॉलिननं फळीवरचं सगळं खायचं उचलून आत नेऊन ठेवलं, तर मटिल्डाबायनं दाराला हात घालून विचारलं, "जेवलीस का ग?" हे वाक्य पुस्तकातही नव्हतं आणि सिनेमातही नव्हतं. बेसिल झोपाळ्यावर पोट धरून हसत होता. ज्ञानदाही हसायला लागली. पॉलिन मात्र हसेना. ती आजीच्या हाताकडे बघत राहिली, आणि तिच्या डोक्यात हळूहळू काहीतरी जुळत गेलं.

"आजी," ती म्हणाली, "शूटिंगला पण असंच झालं होतं का?"

मटिल्डाबायनं मान खाली घातली. पदराशी चाळा करत राहिली. तेवढ्यावरून पॉलिनला कळायचं ते कळलं.

"म्हणजे दिग्दर्शकानं नाही," ती हळूच म्हणाली. "तूच."

ओरडली असती तर बरं झालं असतं. पण ती ओरडली नाही. नुसती पुस्तक मिटून आत गेली. त्या संध्याकाळी जेवताना कुणी दिग्दर्शकाला शिव्या घातल्या नाहीत, आणि मटिल्डाबायला ताटातलं काही गोड लागेना. जिला लहानाचं मोठं केलं, तिच्या लाडक्या पुस्तकाचा कणा आपल्याच हातानं मोडला होता, आणि आता लेखिकेसमोर पुन्हा मोडणार होता. याचं तिला इतकं वाईट वाटलं की दुसऱ्या दिवशी वाडीत पाणी सोडून ते बंद करायला विसरली.

पॉलिननं म्हातारीचं काम शेजारच्या ज्युलीबाईंना दिलं. ज्युलीबाई शाळेत मुख्याध्यापिका होत्या. नाही म्हणायची त्यांना सवय. त्यांनी पहिल्याच फटक्यात दार लावलं. खाडकन! अगदी पाठ असल्यासारखं. पण ते बघून कुणाला काही वाटेना. बेसिल म्हणाला, "फी न भरल्यासारखं वाटलं." पॉलिननं कपाळाला हात लावला. दार लागत होतं, पण काटा काही येत नव्हता.

मटिल्डाबाय स्वयंपाकघराच्या खिडकीतून हे सगळं बघत होती. मग तिनं एक गोष्ट केली, जी तिनं सिनेमात काम करण्याच्या आधी करायला हवी होती. तिनं ते पुस्तक वाचलं.

हो, वाचलंच नव्हतं तिनं! सगळ्या गावानं जिला 'कुलूपनगरची म्हातारी' म्हणून डोक्यावर घेतलं, तिनं 'कुलूपनगर' उघडूनही पाहिलं नव्हतं. तिलाच कशाला नावं ठेवा, मशाल घेऊन धावलेल्यांपैकी तरी कुणी वाचलं होतं? डाळ शिजत होती. मटिल्डाबायनं चष्मा लावला आणि ओट्याला टेकून म्हातारीचं पान काढलं. वाचता वाचता डाळ उतू गेली, तिला पत्ता नाही. त्या पानावर म्हातारी दार लावते. ते तिला ठाऊक होतं. पण पान उलटल्यावर पुस्तक जुईबरोबर रस्त्यावर जात नाही. ते म्हातारीबरोबर घराच्या आत राहतं. तिथे खाटेखाली तिचा नातू दडवलेला असतो. सरकारी हिशेबात नसलेला. दार आणखी थोडा वेळ उघडं राहिलं असतं तर समोरच्या गच्चीवरच्या पहारेकऱ्याला तो दिसला असता. म्हातारी दाराला पाठ लावून उभी राहते, पोराच्या तोंडावर हात ठेवते आणि बाहेरची पोर दूर जाईपर्यंत तिच्या पावलांचा आवाज ऐकत राहते.

"अरे देवा," मटिल्डाबाय मोठ्यानं म्हणाली. "हे मला कुणी सांगितलंच नाही!"

ती तशीच, चष्म्यासकट, हातात पळी घेऊन पॉलिनच्या खोलीत गेली. "माझं सोंग मला परत दे."

"आजी, राहू दे ग आता."

"राहू दे काय? ती म्हातारी कंजूष नाही, आणि वाईटही नाही. आत पोरगं आहे तिचं. मला त्या माणसानं नुसतं सांगितलं, दार लाव. का लाव ते कोण सांगणार? मी म्हटलं, ही कसली बाई, भुकेल्या पोरीला हाकलणारी! मला नाही जमायचं."

पॉलिन उठून बसली. "सिनेमात नातू कापला ना त्यांनी. लांबी वाढत होती म्हणे. त्या गाण्याला मात्र जागा झाली." मग जरा थांबून ती म्हणाली, "म्हणजे आजी, कॅमेरा बाहेर राहिला. पुस्तक आत गेलं. हाच तर फरक आहे सगळा!"

"ते तुझं तू भाषणात सांग," मटिल्डाबाय म्हणाली. "मला एवढंच सांग, आत कोण बसणार?"

"आत? आतलं लोकांना दिसणारच नाही."

"मला दिसायला हवं. तू बस."

पॉलिननं आजीकडे बघितलं आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसली. तालीम करू या म्हणाली, तर मटिल्डाबायनं साफ नकार दिला. "एकदाच लावीन. रोज रोज मला जमायचं नाही."

"आणि तेव्हा नाही जमलं तर?"

"तर नाही जमलं," मटिल्डाबाय म्हणाली खरी, पण तिचा जीव टांगणीला लागला तो रविवारपर्यंत तसाच राहिला.

रविवारी हॉल भरून वाहत होता. गाववाले होतेच, गोखिवऱ्याहून ज्ञानदाच्या सोसायटीतले होते, आयुषनं चंदनसारची निम्मी पोरं आणली होती. मागच्या बाजूला बायकांनी बटाटेवडे, पाव आणि सुकेळी विकायला मांडली होती, त्यामुळे ज्याच्या त्याच्या हातात काहीतरी होतंच. अश्लेषाबाई पहिल्या रांगेत, साध्या सुती साडीत, मांडीवर पर्स घेऊन. त्यांच्या शेजारची जागा बेसिलनं पकडली होती आणि बंडात आपण नेमके कुठून धावलो ते तो त्यांना हातवारे करून समजावत होता.

आधी आयुष बोलला. आणि खरं सांगायचं तर झकास बोलला. "पुस्तक वाचलं तेव्हा कुलूपनगर मला कुठलंतरी परदेशी शहर वाटलं," तो म्हणाला. "आपला काय संबंध, असं वाटलं. सिनेमात ती मिठागरं दिसली, ज्यांच्या बाजूनं मी रोज जातो. तिथे तो भोंगा वाजला तेव्हा मी खुर्चीत सरकून बसलो. पुस्तकात भोंगा छापलेला असतो. ऐकू येत नाही. आणि शेवटी सगळे धावत येतात तेव्हा वाटतं, आपणपण गेलो असतो. त्यात काय वाईट आहे?" टाळ्या कडाडल्या. बेसिलच्या सगळ्यात जोरात.

मग पॉलिन उभी राहिली. लांबलचक भाषण करेल असं सगळ्यांना वाटलं होतं. ती फक्त म्हणाली, "सिनेमात तुम्ही हे दार उघडताना पाहिलंत. पुस्तकात ते असं आहे." आणि मागे गेली.

स्टेजवर एकच वस्तू होती, दार. बेसिलनं वाडीतल्या जुन्या खोपीचं दार चौकटीसकट उपटून आणून उभं केलं होतं, लोखंडी कडीसुद्धा तशीच ठेवून. त्याच्या मागे, लोकांना न दिसणाऱ्या जागी, एक बाक. पॉलिन त्याच्याखाली गुडघे पोटाशी घेऊन बसली. मटिल्डाबाय दाराशी उभी राहिली. भोंगा वाजला, तो आयुषनंच मोबाइलवरून वाजवला, विरोधी बाजूचा असूनही. पोरगा दिलदार होता.

थाप पडली. मटिल्डाबायनं दार उघडलं.

समोर ज्ञानदा. केस विस्कटलेले, अनवाणी. मुद्दाम सकाळपासून काही न खाता आली होती, वेडी. "आजी," ती म्हणाली, "थोडी भाकरी असेल तर..."

मटिल्डाबायचा हात हलला. तिला तो हलताना जाणवला. मागे फळी नव्हती, ताटली नव्हती, तरी हात निघालाच. तिनं मान वळवून आत पाहिलं. बाकाखाली पॉलिन होती. ती काही खुणावत नव्हती, ओठ हलवत नव्हती. नुसती बघत होती. लहानपणी ताप आला की बघायची, तशी. मटिल्डाबायनं पुन्हा ज्ञानदाकडे पाहिलं, डोळे भरून पाहिलं, आणि दार लावलं. सावकाश. मग कडी घातली.

त्या कडीचा आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. मटिल्डाबाय दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिला रडू कोसळलं. खोटं नाही, खरंखुरं. पॉलिन बाकाखालून सरकत तिच्या पायाशी आली. बाहेर ज्ञानदानं स्टेजच्या पायरीवर बसायचं होतं, आयुषनं दिवे घालवायचे होते आणि प्रसंग संपायचा होता.

दिवे गेलेच नाहीत. त्याऐवजी शांततेत एक ओळखीचा आवाज गरजला.

"अगं मटिल्डे! वेड लागलं का तुला? दार उघड! पोरगी उपाशी आहे!"

बेसिल! पॉलिननं दोन्ही हातांनी डोकं धरलं. मटिल्डाबायला काय झालं कोण जाणे, ती रडता रडता आतूनच कडाडली, "गप बसा तुम्ही! आत पोर आहे माझं!"

बाहेर एक खुर्ची सरकली. मग दुसरी. कुणाच्या तरी चपला सटासट वाजल्या. "ए बाळा, इकडे ये," हा ज्युलीबाईंचा आवाज, आणि तो शाळेतला नव्हता. "हा घे, वडा घे. गरम आहे अजून." "पाव दे रे तिला, नुसता वडा काय देतोस!" "पाणी! आधी पाणी द्या!" "रडू नकोस ग, आमच्याकडे चल." मागची सुकेळ्यांची टोपली कुणीतरी डोक्यावरून पुढे पाठवली असावी, कारण "सांभाळा, सांभाळा" असा एकच गलका झाला. आयुष ओरडून सांगत होता, "अहो नाटक आहे, नाटक आहे!" पण त्याचाही आवाज स्टेजच्या दिशेनं जवळ जवळ येत होता.

"झालं," मटिल्डाबाय नाक पुसत म्हणाली. "पुन्हा वाटोळं झालं तुझं. या वेळी मी लावलं ग, लावलं ना मी? पण हे लोक!"

पॉलिन दाराच्या फटीला डोळा लावून बघत होती, आणि तिच्या खांद्यांना हुंदक्यासारखे धक्के बसत होते. मटिल्डाबाय घाबरली. मग तिला कळलं, पोरगी हसतेय. हसतेय आणि रडतेय, दोन्ही.

"आजी, वाटोळं नाही ग," ती म्हणाली. "सिनेमात तू दिलीस ना भाकरी, तेव्हा सगळे खुर्चीत बसून डोळे पुसत होते. कुणी उठलं होतं का? आज तू नाही दिलीस, तर बघ. बघ ना! सगळे उठले!"

"मग हे पुस्तकात आहे का?"

"नाही. पण मला वाटतं पुस्तक यासाठीच आहे."

मटिल्डाबायला सगळं समजलं असं नाही. पण नातीनं तिच्या कमरेला मिठी मारली, आणि इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरलं. तेवढं तिला पुरे होतं.

आणि तेव्हा दारावर पुन्हा थाप पडली. हातानं नव्हे, कोपरानं मारल्यासारखी.

"आजी," बाहेरून ज्ञानदाचा आवाज आला, तोंडात काहीतरी असल्यासारखा, "उघडा ना. माझ्या हातात मावत नाहीये हे सगळं. लेखिकाबाईंनी पण पर्समधून लिमलेटच्या गोळ्या काढून दिल्या. स्वतःच्याच पुस्तकात!"

मटिल्डाबायनं कडीला हात घातला आणि थांबली. तिनं पॉलिनकडे पाहिलं. "उघडू?"

"पुस्तकात नाहीये," पॉलिन डोळे पुसत म्हणाली. "उघड."

तिनं कडी काढली. उंबऱ्यात ज्ञानदा उभी होती, ओंजळीत वडे, बगलेत पाव, गळ्यात कुणाचीतरी पाण्याची बाटली, आणि तिच्या मागे अख्खं उमेळं, गोखिवरं आणि चंदनसार. मटिल्डाबायनं तिला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, "जेवलीस का ग?"